प्राचीन कल्याण बंदर : सत्तांतरे आणि जकात

प्रास्ताविक :
उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेल्या कल्याणचे नाव घेताच दुर्गाडी किल्ला आणि मोगलकालीन नगरतटबंदी डोळ्यांसमोर येते. तथापि ही दोन्ही बांधकामे इसवी सनाच्या सतराव्या शतकातील असून नगराचा इतिहास त्यांच्याहून किमान पंधरा शतके जुना आहे. या दीर्घ काळात कल्याणवर सत्ता कोणाची, हे तटापेक्षा बंदरातील जकातीवरून अधिक स्पष्टपणे कळते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सातवाहन व क्षत्रप काळ :
इ.स.च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याणचा 'कॅलिएना' असा उल्लेख येतो. थोरल्या सॅरॅगनसच्या, म्हणजे बहुधा सातकर्णीच्या काळात हे अधिकृत बंदर होते. पुढे ते सँडनीसच्या ताब्यात गेल्यावर येथील व्यापारास अडथळे निर्माण झाले व चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सँडनीस कोण, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मात्र त्या वेळी भडोच क्षत्रपांकडे होते, हे लक्षात घेता या अडवणुकीचा लाभ कोणास मिळाला हे उघड आहे. बंदर उद्ध्वस्त न करता केवळ त्याची जहाजे वळवून प्रतिस्पर्ध्याचे उत्पन्न तोडण्याचे हे धोरण होते.

तरीही नगर ओस पडले नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या सोनाराने व लोहाराने दिलेल्या दानांची नोंद आहे. राजांची नावे बदलत असताना कारागीर व व्यापारी वर्ग टिकून होता, याचा हा पुरावा होय. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवासी व्यापाऱ्याने कल्याणची गणना मोठ्या बाजारपेठांत केली. तेथून तांबे, शिसवी लाकूड व कापड निर्यात होत असे. तेथे इराणमधून नियुक्त झालेला ख्रिस्ती धर्माधिकारी होता, असेही तो नमूद करतो.

शिलाहार व यादव काळ :
राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून उत्तर कोकणात उदयास आलेल्या शिलाहारांच्या राजवटीत श्रीस्थानक, म्हणजे ठाणे, प्रमुख नगर बनले. अनंतदेवाच्या खारेपाटण ताम्रपटात (शके १०१६, इ.स. १०९४-९५) श्रेष्ठी कुटुंबास जकातमाफी देताना ठाणे, नागपूर, सोपारा व चौल या बंदरांचा नामनिर्देश आहे. कोकणातील हे नागपूर विदर्भातील नव्हे. 'इत्यादी' म्हणून अन्य बंदरांचाही समावेश केला असला, तरी कल्याणचे नाव स्वतंत्रपणे येत नाही. व्यापाराचे केंद्र खाडीच्या मुखाकडे सरकल्याचे हे द्योतक मानता येईल. पुढे सुमारे १२६५ मध्ये यादव महादेवाने शिलाहार सोमेश्वराचा सागरी युद्धात पराभव केला आणि ही किनारपट्टी देवगिरीच्या अमलाखाली आली.

निष्कर्ष :
जहाजे अडवणे आणि जकात माफ करणे ही एकाच अधिकाराची दोन रूपे होत. प्राचीन कल्याणचा उत्कर्ष व उतार या अधिकाराशी निगडित होता. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी जिंकल्यानंतर शिवाजी महाराजांनी येथे आरमाराची पायाभरणी केली, त्यामागेही खाडीच्या या महत्त्वाची जाण दिसते. कल्याणविषयीचे हे प्राचीन पुरावे कान्हेरीच्या डोंगरात व परकीय ग्रंथांत विखुरलेले आहेत. नगराच्या भूमीतील अवशेषांवर मात्र झपाट्याने इमारती उभ्या राहत आहेत. जुन्या वस्तीत पाया खोदताना मिळणारी खापरे, नाणी व विटा यांची पद्धतशीर नोंद ठेवणे, हे स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांचे तातडीचे कर्तव्य ठरते.