निळ्या प्रकाशाची भट्टी

१/ लाल आणि हिरवे एलईडी १९७० च्या दशकापर्यंत बाजारात आले होते. निळा मात्र हाती लागेना. त्यावाचून पांढरा प्रकाशही अशक्य होता. गॅलियम नायट्राइड हा अर्धवाहक निळा प्रकाश देऊ शकेल, हे ठाऊक होते. पहिली अडचण होती त्याचा निर्दोष स्फटिक वाढवण्याची.

२/ हा स्फटिक नीलमाच्या चकतीवर वाढवला जाई. दोहोंच्या अणुरचनेत सुमारे १६ टक्क्यांची तफावत असल्याने थर खडबडीत होई, त्याला तडे जात. बहुतेक संशोधक झिंक सेलेनाइडकडे वळले.

३/ नागोया विद्यापीठातील इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी मात्र हा मार्ग सोडला नाही. एके दिवशी जुनी भट्टी नीट तापेना, तेव्हा अमानो यांनी कमी तापमानालाच ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला. त्यावर सुमारे १००० अंश सेल्सिअसला गॅलियम नायट्राइड वाढवले. स्फटिक काचेसारखा पारदर्शक निघाला. मधल्या थराने तफावत पोटात घेतली होती. १९८६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

४/ तेजस्वी प्रकाशासाठी आणखी एक गोष्ट हवी होती : क्वांटम वेल. गॅलियम नायट्राइडच्या दोन थरांमध्ये इंडियममिश्रित अतिपातळ थर ठेवला, की धन आणि ऋण प्रभार त्यात अडकतात, एकत्र येतात आणि प्रकाश देतात. इंडियमच्या प्रमाणावर रंग ठरतो.

५/ येथे पुन्हा तापमान आडवे आले. १००० अंशांना इंडियम थरात टिकत नाही, उडून जाते. तापमान उतरवले, तर अमोनियाचे विघटन अपुरे होते आणि स्फटिक बिघडतो. धरले तर चावते, सोडले तर पळते!

६/ एनटीटी या जपानी कंपनीत ताकाशी मात्सुओका यांनी वाट काढली : तापमान सुमारे ८०० अंश, वाहक वायू हायड्रोजनऐवजी नायट्रोजन आणि अमोनिया भरपूर.

७/ तोकुशिमातील निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी वायूचा दुसरा झोत वरून सोडून अभिक्रियेचे वायू चकतीवर दाबून धरणारी भट्टी घडवली. १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी जाहीर झाला. १९९५ मध्ये अवघ्या २ ते ३ नॅनोमीटर जाडीच्या क्वांटम वेलचे निळे व हिरवे एलईडी आले.

८/ २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळाले. पेच मात्र पुरता सुटलेला नाही. हिरव्या रंगाला इंडियम अधिक लागते, म्हणून भट्टी आणखी थंड ठेवावी लागते. हिरवा एलईडी निळ्याहून आजही कमी कार्यक्षम असण्याचे हे एक मोठे कारण आहे.