दम आणि ताकद

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नरक चतुर्दशीच्या पहाटे आमचे वडील अभ्यंगस्नानासाठी पाटावर बसले, ते पाटावरून उठेनातच. पंच्याहत्तरी गाठलेले हे गृहस्थ रोज गंगेवर पायी जात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, म्हणजे सुमारे २० किलोमीटर, त्यांनी कधी चुकवली नाही. शेवटी मी आणि माझ्या मुलाने काखेत हात घालून त्यांना उभे केले. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "छाती उत्तम आहे. मांड्या गेल्या."

एवढे चालणाऱ्या माणसाच्या मांड्या जातात कशा? शाळामास्तराची खोड मोठी वाईट. मी जुन्या गोष्टी चाळू लागलो, आणि उत्तराचा पहिला धागा नाशिकच्या वेशीवरच सापडला.

आमच्या टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली. रोज बाराशे सूर्यनमस्कार ते घालीत, असे परंपरा सांगते. त्यानंतरची बारा वर्षे त्यांनी पायी भारतभ्रमण केले. आकड्यांबद्दल वाद घालणाऱ्याने खुशाल घालावा. मला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी अंग कमावले, मग पायांना वाट दाखवली. आणि परतल्यावर गावोगाव स्थापना केली ती मारुतीची! समुद्र उल्लंघणारा तोच, द्रोणागिरी उचलणाराही तोच.

दुसरा धागा निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या कोठुऱ्याचा. तिथे १७८० साली बाळंभटदादा देवधर जन्मले. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन मल्ल आव्हान घेऊन आले. कोणी पुढे होईना, तेव्हा या कोवळ्या ब्राह्मणपुत्राने विडा उचलला, वणीच्या सप्तशृंगगडावर जाऊन मेहनत केली आणि अलीला चीत केले, अशी आख्यायिका आहे. मल्लखांब काही त्यांनी शोधला नाही. लाकडी खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथातही आहे. पण विस्मरणात गेलेली ती विद्या त्यांनी पुन्हा उभी केली. या खांबावर वजन कसले? स्वतःच्याच देहाचे! मांड्यांची पकड सुटली की माणूस खाली.

आपल्या तालमींनी दोन शब्द कधी एकमेकांत मिसळू दिले नाहीत: दम आणि ताकद. दम धावण्याने वाढतो, ताकद जोर, बैठका आणि मुद्गलांनी. वस्ताद पोराकडून दोन्ही करून घेई. ताकद असून दम नसलेला पैलवान लवकर धापा टाकतो, आणि नुसत्या दमाचा गडी पहिल्याच पकडीत मातीत जातो.

विलायतेतही ही दोन प्रकरणे उलगडायला वेळ लागला. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. तिथून दमाचे माहात्म्य वाढले. ताकदीची पाळी पुढे आली. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतले. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक झाली. नव्वदीत!

कारण साधे आहे. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, आणि साठीनंतर अधिक वेगाने. त्यातही झटक्याने जोर लावणारे तंतू आधी जातात. सपाटीवर चालताना त्यांना फारसे कामच पडत नाही. ते लागतात पाटावरून उठताना, तोल सावरताना. रोजचेच ओझे रोज वाहिले तर स्नायू वाढत नाही. त्याला थोडे थोडे जास्त मागावे लागते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दोन्ही सांगितले: आठवड्याला निदान १५० मिनिटे दमाचा व्यायाम, आणि निदान दोन दिवस ताकदीचा.

हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवून आली, तेव्हा आम्ही तिच्या दमाचे कौतुक केले. पण डोंगरपाड्यावर चढउतार करीत दुरून पाणी आणणारी पोर नुसता दम कमावीत नसते.

तेव्हा चालणे सोडू नका. चालण्याने आमच्या वडिलांचे हृदय राखले, हे मी कृतज्ञतेने लिहितो. एवढेच की त्या दिवाळीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी खुर्चीला धरून बैठका सुरू केल्या. पहिल्या दिवशी तीन झाल्या, आणि ते माझ्यावरच चिडले. पुढे तीनाच्या पाच झाल्या, पाचाच्या दहा.

गेल्या दिवाळीत आईने उटणे लावले, औक्षण केले. मी सवयीने हात पुढे केला. वडिलांनी तो बाजूला सारला, गुडघ्यांवर तळवे टेकले, आणि उठले.