आठवा सर्व्हर

वेळा आपल्या घड्याळाच्या घेतल्या आहेत. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडतो तेव्हा सोलापूरजवळच्या आमच्या कुंभारीत संध्याकाळचे सात वाजलेले असतात.

२७ जुलै २०१२, शुक्रवार. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या बड्या दलाली कंपनीत नवा कोड प्रॉडक्शनला चढवायला सुरुवात. न्यूयॉर्क बाजार १ ऑगस्टला किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना आणणार होता, त्यासाठीचा कोड आठ सर्व्हरवर टप्प्याटप्प्याने बसवायचा होता. त्याने ‘पॉवर पेग’ नावाच्या जुन्या कोडची जागा घ्यायची होती. पॉवर पेगचा वापर २००३ पासून बंद, पण तो काढून टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं. ‘मागणी पुरी झाली, आता थांब’ हे त्याला सांगणारी मोजणी २००५ मध्ये दुसरीकडे हलवली आणि त्यानंतर तो चालवून पाहिलाच नाही. वर कडी म्हणजे, नवा कोड चालू करायला फ्लॅग वापरला तोही पॉवर पेगचाच! बटण एकच. नवा कोड असलेल्या सर्व्हरवर नवी योजना चालू होणार, नसलेल्यावर जुनं भूत उठणार.

त्याच दिवसांत कधीतरी. सात सर्व्हरवर कोड चढला, आठव्यावर चढवायचा एका तंत्रज्ञाकडून राहिला. दुसऱ्या कुणी तपासावं अशी लेखी पद्धत नव्हती. इकडे कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायांची दहा हजार घरं आहेत. विडीची मजुरी हजारावर मिळते, आणि विड्या मोजून, खराब बाजूला काढून मगच त्या हिशेबात धरतात. बाईच्या हजार विड्या तपासायला माणूस असतो. तिकडे आठ सर्व्हर तपासायला नव्हता.

३१ जुलै, मंगळवार. इकडे उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं वीजजाळं कोसळलं, महाराष्ट्र वाचला. त्याच दिवशी आमच्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे ऊर्जा खात्यातून गृहखात्यात गेले. जर्सी सिटीतल्या नाइटच्या एका सर्व्हरची फिकीर आम्ही कशाला करू?

१ ऑगस्ट, सायंकाळी ५.३१. नाइटची यंत्रणा आपणहून ई-मेल पाठवू लागली. मजकुरात ‘पॉवर पेग’चं नाव स्पष्ट होतं. बाजार उघडेपर्यंत अशा ९७ मेल गेल्या. या मेल धोक्याचा इशारा म्हणून नेमलेल्याच नव्हत्या, त्यामुळे कुणी वाचल्या नाहीत. दीड तास हाताशी होता.

७.००. बाजार उघडला. आठव्या सर्व्हरकडे तो फ्लॅग लावून गेलेल्या प्रत्येक मागणीवर पॉवर पेग खरेदी-विक्रीचे हुकूम सोडत सुटला. थांबवणारी मोजणी सात वर्षांपूर्वीच हललेली.

७.३०च्या सुमारास. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर बॉम्बस्फोट सुरू झाले. शिंदेसाहेबांना गृहखातं मिळून जेमतेम एक दिवस झाला होता. मराठी वाहिन्या पुण्याला खिळल्या.

तिकडे बाजार उघडल्यानंतरच्या पाऊण तासात नाइटच्या माणसांनी जे केलं, ते रात्री-बेरात्री रिलीज केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. नवा कोड चढवला म्हणूनच बिघडलं असणार, असं धरून त्यांनी रोलबॅक केला. ज्या सात सर्व्हरवर कोड नीट बसला होता, तिथूनच तो काढला. फ्लॅग मात्र चालूच राहिला. आता सातही ठिकाणी पॉवर पेग उठला. आठ सर्व्हर अखेर सारखे झाले, ते असे.

७.४५. यंत्रणा थांबली. किरकोळ गुंतवणूकदारांच्या २१२ छोट्या मागण्यांवर १५४ कंपन्यांच्या शेअरचे ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले होते, ३९.७ कोटींहून जास्त शेअर इकडचे तिकडे. नको असलेला हा माल निस्तरताना ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. त्या वेळच्या दराने अडीच हजार कोटी रुपये. मिनिटाला एक कोटी डॉलर.

पुढचं चटकन सांगतो. आठवड्याच्या आत बाहेरच्या गुंतवणूकदारांनी ४० कोटी डॉलर ओतून कंपनी तगवली. जुलै २०१३ मध्ये ती गेटको या कंपनीत विलीन झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने १ कोटी २० लाख डॉलर दंड ठोठावला. दंडाच्या आदेशात आठवा सर्व्हर आहे, न वाचलेल्या ९७ मेल आहेत, नसलेली लेखी पद्धत आहे. त्या तंत्रज्ञाचं नाव कुठेही नाही.