हरताळ, काकपद आणि संगणक

एखाद्यानें दिलेला शब्द मोडला म्हणजे त्यानें वचनाला हरताळ फासला, असें आपण म्हणतों. या वाक्प्रचाराचें मूळ पोथीलेखकांच्या धंद्यांत आहे. चुकलेलें अक्षर रद्द करण्यासाठीं लेखक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई. राहून गेलेलें अक्षर समासांत लिहून ओळींत काकपदाची खूण करी. आणि अध्यायसमाप्तीच्या शब्दांवर गेरूचा तांबडा हात फिरवी. या खुणा पानाच्या शोभेसाठीं नव्हत्या. 'हें रद्द', 'हें मागाहून घातलेलें', 'येथें प्रकरण संपलें', असें त्या त्या मजकुराचें कार्य त्या सांगत. मजकूर निराळा आणि मजकुराविषयींची माहिती निराळी, हा भेद आपल्या पोथीलेखकांस पुरता ठाऊक होता.

वैयाकरणांस तर तो कितीतरी आधीं ठाऊक होता. पाणिनीच्या 'क्त' प्रत्ययांतील ककार उच्चारासाठीं नाहीं. धातूच्या स्वराला गुण होऊं नये एवढी सूचना देऊन तो लोप पावतो, व 'कृ' धातूपासून 'कृत' हें रूप सिद्ध होतें. अशा वर्णांस 'इत्' ही संज्ञा आहे. स्वतः अदृश्य राहून रूपाचें नियमन करणारी खूण ती हीच.

महाराष्ट्रांतील व्यवहारलेखनानें मात्र खुणांची बरीच काटकसर केली. आमच्या सोलापूर जिल्ह्यांत हत्तरसंग-कुडल येथें शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा, मराठी शिलालेख आहे. वाचणाराचा विजय होवो, असा त्याचा आशय आहे. वाचकाचें असें अभीष्ट चिंतणाऱ्या परंपरेनें त्याची सोय मात्र थोडीच पाहिली. पुढें मोडी लिहिणारा आधीं सबंध ओळीची रेघ आंखी व तिच्याखालीं शब्द न तोडतां लिहीत जाई, विरामचिन्हें नव्हतींच. तरीही मायना कोठें संपला हें ठराविक शब्दांवरून कळे, आणि पेशवेकालीन पत्रांत 'छ' हें अक्षर आलें कीं पुढें मुसलमानी चांद्रमासाची तारीख येणार हें वाचणारा ओळखी.

एकोणिसाव्या शतकांत मेजर थॉमस कँडी यांनीं इंग्रजी विरामचिन्हें मराठींत रूढ केलीं आणि वाक्याचे सांधे दिसूं लागले. पण छापखान्याबरोबर एक नवा घोटाळाही आला. ठळक खिळे एकच. परंतु ते कधीं मथळा दाखवीत, कधीं शब्दावरील जोर, तर कधीं ग्रंथाचें नांव. जाणता वाचक संदर्भानें भेद ओळखतो; साध्या यंत्रास ती सोय नाहीं.

म्हणूनच संगणकावर मजकूर चढूं लागतांच जुना प्रश्न पुन्हां उभा राहिला. १९६९ च्या सुमारास आय. बी. एम. कंपनींत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनीं, मजकूर कसा दिसावा याऐवजीं तो काय आहे हें नोंदणारी पद्धति रचली. तिच्याच वंशांत टिम बर्नर्स-ली यांची एच.टी.एम.एल. ही खूणभाषा येते. तिचें पहिलें वर्णन १९९१ सालचें. तींत आज खोडलेल्या मजकुरास 'डेल', मागाहून घातलेल्यास 'इन्स', तारखेस 'टाइम' अशा खुणा आहेत. हरताळ, काकपद आणि 'छ' यांचींच हीं नवीं नांवें म्हटलीं तरी चालेल.

पण कोणतीही खूण कोठेंही लावतां आली तर निष्काळजीपणास आळा कसा बसावा? येथें तर्कशास्त्र साहाय्यास येतें. वस्तूंच्या जाति अगोदर ठरवून तार्किक विरोधाभास टाळण्याचा मार्ग बर्ट्रांड रसेल यांनीं १९०८ सालीं मांडला. प्रोग्रॅमिंगच्या भाषांतील 'टाइप' ही कल्पना त्याच कुळांतली. हल्लीं कांहीं प्रोग्रॅमर आपल्या लायब्ररींत, म्हणजे पुन्हां पुन्हां वापरावयाच्या तयार प्रोग्रॅमखंडांच्या संग्रहांत, मथळा, परिच्छेद, अवतरण, तारीख यांस स्वतंत्र जाति देतात. मग परिच्छेदाच्या पोटांत मथळा घालूं गेल्यास प्रोग्रॅम तयारच होत नाहीं. चूक वाचकापर्यंत पोंचण्यापूर्वींच अडते. मात्र हा पहारेकरी खुणांचा परस्परांशीं मेळ तेवढा तपासतो. ज्यानें जोर नसलेल्या शब्दास जोराची खूण लावली, त्यास तो अडवूं शकत नाहीं. तेथें विवेक लेखकाचाच.

हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा आहे असें कोणी समजूं नये. मोडी कागदांचीं लिप्यंतरें आज संगणकावर होत आहेत. खोडलेले शब्द गाळून केवळ शेवटचा मजकूर उतरविला, तर लिहिणाराचा पहिला विचार आणि मागाहून झालेला बदल, हे दोन्ही पुरावे इतिहासकाराच्या हातून जातात. १९८७ सालीं सुरू झालेल्या 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' या उपक्रमानें खोडणें, भर घालणें व अस्पष्ट अक्षर यांसाठीं निरनिराळ्या खुणा ठरविल्या आहेत. त्या मोडी कागदांसही लावतां येतील. तसेंच, दृष्टिहीन वाचक संगणकाच्या आवाजाच्या आधारानें मथळ्यावरून मथळ्यावर जातो. मथळा नुसत्या ठळक अक्षरांनीं सजविलेला असेल, तर त्याच्या लेखीं सारें पान म्हणजे मोडीची न तोडलेली ओळच. कुडलच्या लेखानें वाचणाराचा विजय इच्छिला. त्याला वाट दाखविणें हें आतां आपल्या हातीं आहे.