चाळीस पिंपांचा खटला आणि कॅफीनचे मानसशास्त्र

उत्तेजक द्रव्ये निरोगी माणसाच्या विचारव्यापारावर कोणता परिणाम करतात, या प्रश्नाच्या इतिहासाचा आरंभ एमिल क्रेपेलिनच्या १८९२ मधील ग्रंथापासून करण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. तथापि या प्रश्नाला प्रयोगपद्धतीची खरी शिस्त लागण्यास एक खटला बराचसा कारण झाला, हे आपल्या अभ्यासकांच्या फारसे ध्यानात येत नाही.

अमेरिकेच्या सरकारने १९०९ मध्ये चॅटनूगा येथे कोका-कोलाच्या पाकाची चाळीस मोठी व वीस लहान पिंपे जप्त केली. त्यातील कॅफीन हा वरून घातलेला व अपायकारक घटक आहे, असा आरोप होता. १९११ मध्ये सुनावणी उभी राहिली तेव्हा माणसाच्या मनावरील परिणामांविषयी कंपनीपाशी भक्कम पुरावा नव्हता. ते काम हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण अध्यापकाने पत्करले. मात्र निष्कर्ष कसेही निघोत, ते प्रसिद्ध करण्याची मोकळीक त्याने आधीच मागून घेतली. पैसा कंपनीचा होता, म्हणून ही अट महत्त्वाची.

मॅनहॅटनमधील एका भाड्याच्या घरात सोळा प्रयोज्यांवर चाळीस दिवस चाचण्या झाल्या. त्यांची देखरेख त्याची पत्नी लीटा हिच्याकडे होती. काही कुप्यांत कॅफीन, काहींत नुसती दुग्धशर्करा. कोणती कोणाच्या वाट्यास आली हे घेणाऱ्यासही ठाऊक नसे आणि मोजणाऱ्यासही. (द्रव्याचे स्वरूप प्रयोज्यापासून लपविण्याची दक्षता इंग्लंडात रिव्हर्सने आधीच घेतली होती, त्याचे श्रेय त्यास दिले पाहिजे.) बोटांच्या हालचालींचा वेग लवकर वाढे व लवकर ओसरे, रंगांची नावे सांगणे, विरुद्धार्थी शब्द देणे यांतील सुधारणा उशिरा दिसे, पण अधिक काळ टिके. मोठ्या मात्रेने झोप बिघडे.

येथे भाषाभ्यासकास एक शंका घ्यावीशी वाटते. 'लांब' म्हणताच 'आखूड' म्हणणे, आणि तेही आठवड्यांमागून आठवडे, यात विचार कितीसा असतो? शब्द ओठांवर येण्याचा वेग येथे मोजला गेला. त्यावरून बुद्धी तीक्ष्ण झाली असे म्हणणे पुराव्यापेक्षा मोठे विधान होईल.

न्यायालयाने मात्र हा सारा पुरावा तोललाच नाही. कॅफीन पेयाच्या मूळ कृतीतीलच आहे, सबब ते 'वरून घातलेले' नव्हे, या मुद्द्यावर निकाल कंपनीच्या बाजूने गेला. १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. पुढे तडजोड होऊन पेयातील कॅफीनचे प्रमाण घटविण्यात आले.

मेंदूतील कार्यकारणभाव उमगण्यास आणखी साठ-सत्तर वर्षे लागली. थकव्याची जाणीव देणाऱ्या ॲडेनोसीनच्या ग्राहकांना कॅफीन अडविते, हे १९८१ च्या सुमारास स्पष्ट झाले. कॅफीनने मेंदूचा रक्तपुरवठा वाढत नाही, उलट रक्तवाहिन्या आकुंचित होऊन तो घटतो. शिवाय नित्य कॉफी पिणाऱ्यास सकाळच्या पेल्याने जी तरतरी येते, तीत रात्रभराच्या वंचनेची भरपाई किती व निव्वळ लाभ किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही. हॉलिंगवर्थचे आकडे नव्याने पाहणाऱ्याने प्रयोज्यांच्या चहा-कॉफीच्या सवयींकडे म्हणूनच प्रथम लक्ष द्यावे.