फ्रान्सचीं खेडीं आणि सायकलचा प्रवासी

इ. स. १७८७ मध्यें आर्थर यंग नांवाचा एक इंग्रज शेतीतज्ज्ञ फ्रान्स पाहावयास निघाला. दक्षिणेकडील लांगदोक प्रांतांतले रस्ते पाहून तो थक्क झाला. असे भव्य रस्ते त्याच्या देशांतहि नव्हते. पण त्यांवर रहदारी मात्र नांवालाच होती. ह्या रिकाम्या वैभवाची किंमत कोणीं दिली होती? १७१६ मध्यें फ्रान्सच्या दरबारानें पूल व रस्ते यांचें स्वतंत्र खातें उभारलें, आणि १७३८ पासून राजमार्गांच्या कामासाठीं राज्यांतल्या बहुतेक प्रांतांत खेडुतांवर वेठ लादली. आपली गाडी, आपले बैल आणि आपल्या घरची भाकरी घेऊन शेतकऱ्यानें रस्त्यावर राबावें आणि मोबदला मागूं नये, असा तो न्याय होता. १७७६ मध्यें तुर्गो ह्या मंत्र्यानें वेठ रद्द केली. त्याचें मंत्रिपद गेलें आणि वेठ परत आली. ती कायमची उठली १७८७ मध्यें, म्हणजे यंगसाहेब फ्रान्समध्यें हिंडत होते त्याच वर्षीं.

हे झाले राजमार्ग. खेड्याखेड्यांना जोडणाऱ्या वाटा १८३६ च्या कायद्यानें सुधारल्या. त्या कायद्यांतहि गांवकऱ्यांनीं वर्षाला तीन दिवसांपर्यंत श्रम द्यावे, नाहीं तर त्यांचे पैसे भरावे, अशी तरतूद होतीच. दुतर्फा झाडें असलेल्या ज्या शांत रस्त्यांवर सायकलचा प्रवासी आज निश्चिंत मनानें जातो, ते असे खेडुतांच्या घामानें बांधलेले आहेत.

त्यानंतर आगगाडी आली आणि ह्या वाटांचें महत्त्व ओसरलें. रूळ दऱ्याखोऱ्यांतून गेले. शत्रूच्या भयानें डोंगरमाथ्यावर वसलेलीं जुनीं गांवें तशींच वर राहिलीं. बर्गंडींतल्या व्हेझलेचें उदाहरण बोलकें आहे. ११४६ मध्यें संत बर्नार्डनें दुसऱ्या धर्मयुद्धाची हांक ह्याच टेकडीवरून दिली आणि ती ऐकावयास स्वतः राजा सातवा लुई आला होता. परंतु १८३४ मध्यें प्राचीन वास्तूंचा निरीक्षक या नात्यानें प्रॉस्पेर मेरिमे तेथें पोंचला, तेव्हां तें थोर मंदिर कोसळण्याच्या बेतांत होतें. १८४० मध्यें व्हियोले-ल-द्युक ह्या अवघ्या सव्वीस वर्षांच्या वास्तुविशारदाच्या हातीं तें सोंपविण्यांत आलें आणि तें वांचलें. इतर गांवांना असा त्राता लाभला नाहीं. त्यांचें रक्षण त्यांच्या दारिद्र्यानेंच केलें. जुनें पाडून नवें बांधावयास पैसा होता कोणाजवळ?

ह्या विसरलेल्या गांवांकडे शहरी माणसाला परत नेलें तें सायकलीनें. १८८५ च्या सुमारास दोन्ही चाकें सारखीं असलेली सायकल इंग्लंडांत सिद्ध झाली; १८८८ मध्यें डनलॉपनें हवेची धांव दिली. १८९० मध्यें पॅरिसला ‘तूरिंग क्लब द फ्रान्स’ स्थापन झाला. सरकारचें लक्षहि लवकरच गेलें. १८९३ पासून प्रत्येक सायकलीवर वर्षाला दहा फ्रँक कर बसला! स्वस्त चैनीचा उपभोग कोणी घेऊं लागला कीं खजिन्याला त्याची बातमी सर्वांआधीं लागते.

पण सायकलवर बसून देश पाहाणें म्हणजे काय, हें फ्रान्सला शिकविलें एका माणसानें. पॉल द व्हिव्ही हें त्याचें नांव. तो १८५३ मध्यें प्रोव्हान्समधील पेर्न ह्या गांवीं जन्मला. कोळसा, हत्यारें आणि रेशमी फिती यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या सेंट एतिएन शहरांत त्याचा रेशमाचा व्यापार होता. १८८१ मध्यें त्यानें पहिली सायकल विकत घेतली, आणि पुढें त्या नादानें रेशमाचा व्यापारच मागें पडला. १८८७ मध्यें त्यानें सायकलींचें दुकान थाटलें व एक मासिक काढलें. ‘ल सिक्लिस्त’ ह्या नांवानें तें प्रसिद्धीस आलें. त्यांत तो ‘व्हेलोसियो’ ह्या टोपणनांवानें लिही. हा गृहस्थ शाकाहारी होता. एस्पेरान्तो भाषा शिकला होता. भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें आणि केवळ मिरविण्यासाठीं पायंडा मारूं नये, अशा आशयाचे त्यानें घालून दिलेले नियम तिकडील सायकलस्वारांना अद्यापि तोंडपाठ असतात.

सेंट एतिएनच्या दक्षिणेस ११६१ मीटर उंचीची ‘कोल द ला रेपुब्लिक’ नांवाची खिंड आहे. ती ओलांडली कीं रोन नदीचें खोरें लागतें आणि त्या खोऱ्यानें प्रोव्हान्सला जातां येतें. ईस्टरच्या सुटींत व्हेलोसियो आपल्या शिष्यांसह ह्या वाटेनें जन्मभूमीकडे उतरत असे. पण त्या घाटानें त्याच्यापुढें एक कोडें टाकलें. साध्या सायकलीला पायाकडचें एक मोठें आणि मागच्या चाकाला एक लहान, अशीं दोनच दंतचक्रें असत. त्यांचें प्रमाण सपाटीला योग्य ठेवावें तर चढावर छाती फुटे. चढाला योग्य ठेवावें तर सपाटीवर पाय नुसते भिरभिरत. मागें निरनिराळ्या मापांचीं चक्रें बसवावीं आणि जरुरीप्रमाणें साखळी एकीवरून दुसरीवर न्यावी, हा त्यावरचा उपाय. व्हेलोसियो व त्याच्या भोंवतालचे कारागीर वर्षानुवर्षें ह्या उपायामागें लागले. ह्यालाच आज गिअर म्हणतात.

उपाय इतका सरळ असतां त्याला विरोध का व्हावा, असें कोणासहि वाटेल. विरोध झाला तो शर्यतवाल्यांकडून. १९०२ मध्यें तूरिंग क्लबनें पिरेनीज पर्वतांतील तूरमाले घाटांत प्रवासी सायकलींची परीक्षा घेतली आणि गिअरचा बोलबाला झाला. तेव्हां आंरी देग्रांज ह्या संपादकानें आपल्या पत्रांत टोला हाणला, कीं असलीं साधनें पंचेचाळिशी उलटलेल्यांनीं वापरावीं. खरा विजय स्नायूंच्या बळावर मिळवावयाचा असतो. ह्याच देग्रांजनें पुढच्या वर्षीं ‘तूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू केली, आणि गंमत अशी कीं पहिल्याच वर्षीं तिच्या वाटेंत व्हेलोसियोची ती खिंड होती. शर्यतींतले वीर घाटाच्या पायथ्याशीं खालीं उतरत, मागचें चाक काढून उलटें बसवीत, म्हणजे दुसऱ्या बाजूचें मोठें चक्र साखळीला मिळे; आणि माथ्यावर पोंचले कीं पुन्हां तोच खटाटोप. कुटुंबवत्सल कारकून त्याच घाटांत साखळी सरकवून पुढें जात असतां देशांतले अव्वल खेळाडू चाक उलटें करीत बसले आहेत, हें दृश्य १९३७ पर्यंत टिकलें. त्या वर्षीं शर्यतीनें गिअरला परवानगी दिली. देग्रांज व व्हेलोसियो यांच्या वादांत बळाचें कौतुक एकीकडे होतें आणि सामान्य माणसाची सोय दुसरीकडे. ज्याला जिंकावयाचें नाहीं, नुसतें पोंचावयाचें आहे, त्याच्यासाठीं यंत्र सुधारणें हें देग्रांजला कमीपणाचें वाटलें. आणि अखेर त्याची शर्यतहि त्याच यंत्रावर धांवली.

व्हेलोसियोला तो दिवस दिसला नाहीं. १९३० मध्यें सेंट एतिएनच्याच रस्त्यावर ट्रामची धडक लागून तो मरण पावला. त्या खिंडींत चाहत्यांनीं त्याचें स्मारक उभारलें.

त्या सुमारास खेड्यांचें रूपहि पालटलें होतें. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सचे सुमारें चौदा लाख लोक पडले आणि बहुतेक प्रत्येक गांवांत मृतांच्या नांवांचा एक दगड उभा राहिला. चौकांतल्या कारंज्यावर बाटली भरावयास थांबलेला प्रवासी समोरचीं नांवें वाचूं लागतो. एकच आडनांव दोनदां, तीनदां येतें. आसपासचीं घरें तेवढीच दहा-वीस. प्रदर्शनांतल्या नकाशांवरून न कळणारी गोष्ट तेथें क्षणांत कळते.

एवढें असूनहि हा प्रवास तोंपर्यंत सवडवाल्यांचाच होता. गिरणींतल्या मजुराजवळ सायकल असे, पण ती कामावर जाण्यासाठीं, रजा कोठली? १९३६ च्या उन्हाळ्यांत देशभर संप झाले आणि लेऑं ब्लूम यांच्या सरकारनें २० जूनला प्रत्येक कामगारास वर्षाला पंधरा दिवसांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. क्रीडा व विश्रांतीचें खातें लेओ लाग्रांज ह्या तरुणाकडे होतें. त्यानें रेल्वेच्या भाड्यांत चाळीस टक्के सूट मिळवून दिली. विरोधकांनीं त्याला ‘आळसाचा मंत्री’ ही पदवी दिली! ऑगस्टांत स्त्रीपुरुष, कित्येकदां जोडसायकलवर बसून आणि मागें तंबू बांधून, शहराबाहेर पडले. मुक्कामाला तरुणांचीं वसतिगृहें होतीं. त्यांतलें पहिलें मार्क सांन्ये यांनीं १९२९ मध्यें सुरू केलें होतें. वेठीनें बांधलेल्या रस्त्यांवरून मजुराला स्वतःच्या हौसेनें जाण्यास दीडशें वर्षें लागलीं.

हा आनंद चारच उन्हाळे टिकला. १९४० च्या जूनमध्यें एन प्रांतांत लढतांना लाग्रांज मारला गेला. जर्मन ताब्याच्या वर्षांत पेट्रोल मिळेना. तेव्हां शहरांतलीं माणसें त्याच सायकलींवरून त्याच खेड्यांकडे निघालीं, पण आतां लोणी आणि बटाटे आणण्यासाठीं.

युद्धानंतर मोटार आली. सायकलवरील कर १९५८ मध्यें उठला. बहुधा तोंवर तो गोळा करण्यांत राम उरला नव्हता. तांबड्या दगडांच्या कोलोंज गांवाचे नगराध्यक्ष शार्ल सेराक यांनीं १९८२ मध्यें सहासष्ट गांवांना एकत्र आणून सुंदर खेड्यांची संस्था काढली. लोकवस्ती दोन हजारांवर असेल त्या गांवाला तींत प्रवेश नाहीं. आणि १९९७ मध्यें बर्गंडींत जिव्री ते क्लूनी हा बंद पडलेला लोहमार्ग रूळ काढून सायकलींसाठीं खुला झाला. ज्या क्लूनीचें मंदिर रोमचें नवें सेंट पीटर होईपर्यंत ख्रिस्ती जगांत सर्वांत मोठें होतें, आणि राज्यक्रांतीनंतर ज्याचे दगड विकून टाकण्यांत आले, त्याच्या उरलेल्या मनोऱ्याकडे ही वाट जुन्या स्थानकांवरून जाते. आगगाडीला तीव्र चढ चालत नसे. म्हणून व्हेलोसियोच्या गिअरची ह्या वाटेवर क्वचितच गरज पडते.