क्योटोपूर्वीचा ठराव

जीवाश्म इंधनांच्या ज्वलनाने वातावरणातील कर्बवायू वाढत असल्याचा इशारा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या शास्त्रीय सल्लागारांनी १९६५ सालीच अमेरिकी सरकारच्या दप्तरी दाखल केला होता, आणि १९८८ च्या जूनमध्ये जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे तापमानवाढीची साक्षही दिली. तथापि २५ जुलै १९९७ रोजी, क्योटोची हवामान परिषद भरण्यापूर्वीच, त्याच सिनेटने, विकसनशील राष्ट्रांना बंधनातून वगळणाऱ्या करारावर अमेरिकेने स्वाक्षरी करू नये, असा ठराव ९५ विरुद्ध ० मतांनी मंजूर केला. ठरावाचे एक जनक रॉबर्ट बर्ड हे कोळशाच्या खाणींच्या वेस्ट व्हर्जिनियाचे प्रतिनिधी होते, ही गोष्ट मला अत्यंत बोलकी वाटते. पुढे १९९८ मध्ये क्योटो करारावर अमेरिकेची स्वाक्षरी झाली खरी, परंतु दोन-तृतीयांश मतांची घटनात्मक अट दुर्लंघ्य असल्याने तो करार मंजुरीसाठी सिनेटपुढे कधी मांडलाच गेला नाही.